ओझर विमानतळावरून नाशकात यायला लोकल किंवा मेमू (जवळच्या अंतराची पॅसेंजर ट्रेन) मिळते का?

गंगापूररोडची_ताई
नमस्कार मंडळी. आईबाबा भावाकडे दिल्लीला गेलेत, पुढच्या महिन्यात विमानाने ओझरला उतरणारेत. त्या दिवशी आम्ही दोघंही ऑफिसात, रजा मिळत नाहीये. मॅपवर बघितलं तर ओझरच्या खालच्या अंगाला रेल्वेलाईन दिसते, खेरवाडी, कसबे सुकेणे अशी स्टेशनं पण आहेत. दिल्लीत विमानतळावरून मेट्रोने फिरून आल्यामुळे बाबांचं म्हणणं की इथेही ट्रेनने येऊ, टॅक्सीला कशाला एवढे पैसे घालवायचे. बाबा ७६चे, आई ७१ची, तिचे गुडघे दुखतात आणि दोन मोठ्या बॅगा असतील. घर गंगापूर रोडला. कोणी असं आलंय का? नसेल तर मग काय करायचं?

ओझरकर
ताई, ट्रेनचं डोक्यातून काढून टाका. मॅपवर जवळ वाटतं पण प्रवाशांचं टर्मिनल जानोरीच्या बाजूला आहे, म्हणजे हायवेच्या एका अंगाला टर्मिनल आणि रेल्वे पार दुसऱ्या अंगाला. सुकेण्याला जायचं तर आधी दहावा मैल नावाच्या नाक्यावर हायवेला यायचं, मग ओझर गाव मागे टाकून पुढे, आणि त्यासाठी गाडी करावीच लागणार. मग त्याच गाडीने सरळ नाशकात का येऊ नये? शिवाय पंचवटी एक्सप्रेससारख्या गाड्या खेरवाडी-सुकेण्याला थांबत नाहीत, थांबते ती मेमू वगैरे, आणि विमान तासभर लेट झालं की ती गेली. मग छोट्या स्टेशनवर बॅगा सांभाळत बसा. म्हाताऱ्या माणसांना हे अजिबात करायला लावू नका.

जेलरोडवाला
वरच्यांशी सहमत, आणि एक गोष्ट राहिली. समजा मिळाली मेमू, उतरवणार कुठे? नाशिकरोडला. तिथून सीबीएस (शहरातलं मध्यवर्ती बसस्थानक) नऊ-दहा किलोमीटर आणि गंगापूर रोड अजून पुढे. आपलं स्टेशन पहिल्यापासूनच गावाबाहेर, म्हणून तर १८८९ साली जुन्या नाशकातून स्टेशनपर्यंत ट्राम घातली होती, सुरुवातीला घोडे ओढायचे ती, १९३०च्या आसपास बंद पडली. आता ते काम शेअर रिक्षा आणि सिटीलिंकच्या सिटी बस करतात. मेट्रो निओची (रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोची) घोषणा २०२१च्या बजेटमध्ये झाली तेव्हा आम्ही सगळे खूश होतो, पण त्या आराखड्यातही गंगापूर ते नाशिकरोड आणि गंगापूर ते मुंबई नाका असेच मुख्य मार्ग होते, ओझर नव्हतंच. मला याचं मनापासून वाईट वाटतं, विमानतळ आहे, रेल्वे आहे, हायवे आहे आणि तिन्ही एकमेकांशी बोलत नाहीत.

ज्यांना नाशिकरोडला यायचंय त्यांच्यासाठी सांगून ठेवतो, द्वारका चौकात जाऊच नका. आडगाव सोडलं की जत्रा हॉटेलपासून नांदूर नाक्याची लिंक रोड धरा, तिथून जेलरोडने थेट नाशिकरोडचा बिटको चौक. संध्याकाळी द्वारकेच्या सर्कलला अडकण्यापेक्षा हे कधीही बरं.

सध्या_चेन्नईत
इथे चेन्नईत बघितलं की नाशिकची आठवण येते. विमानतळाच्या समोरच तिरुसुलम स्टेशन आहे, मधे फक्त मोठा जीएसटी रोड, त्याच्या खालून सबवे. पाच-दहा मिनिटं चालायचं की बीच-तांबरमची लोकल, तिकीट अगदी किरकोळ. पण इथेही बॅग घेऊन पायऱ्या उतरा-चढा आलंच, आईंच्या गुडघ्यांना ते नको, त्यापेक्षा २०१६ पासून विमानतळालाच लागून मेट्रो आहे ती बरी. सांगायचा मुद्दा, इथे लाईन आधीपासून दारात होती म्हणून ते जमलं. ओझरला लाईन दारात नाही, तर निदान विमानाच्या वेळेला धरून एक बस हवी, टर्मिनलच्या दारातून निघून निमाणी बसस्थानक, सीबीएस करत नाशिकरोडला जाणारी. विमान लेट झालं तर बसने थांबायचं, एवढंच. त्याला रूळ लागत नाहीत की पूल लागत नाहीत.

ओझरकर
@सध्या_चेन्नईत अगदी बरोबर, हेच पाहिजे. सिटीलिंकच्या बस ओझरपर्यंत येतात आणि पिंपळगाव, मालेगावकडच्या एसटी तर हायवेने सारख्या असतात. खरी अडचण टर्मिनल ते दहावा मैल या तुकड्याची आहे, बॅगा घेऊन तेवढं कोण चालणार.

ताई, एकट्या तरुण माणसाला सांगितलं असतं की दहाव्या मैलापर्यंत कोणाच्या तरी गाडीतून ये आणि एसटी पकड. बाबांना ७५च्या वर म्हणून एसटी फुकट आहे, आईला अर्धं तिकीट, तेव्हा पैशाने स्वस्तच. पण एसटीची पायरी उंच असते, गाडी भरलेली आली तर उभं राहावं लागतं आणि लांबच्या काही गाड्या उड्डाणपुलावरून निघून जातात, मग भलत्याच ठिकाणी उतरवतात. तुम्ही सरळ ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवा. भाडं आधीच ठरवा, वेटिंग धरून किती ते विचारा, आणि त्याला विमानाचा नंबर द्या म्हणजे लेट झालं तर तो घरूनच उशिरा निघेल. बाबांच्या फोनमध्ये त्याचा नंबर सेव्ह करून द्या. ॲपवर त्या वेळी गाडी मिळेलच या भरवशावर राहू नका, ओझर म्हणजे काही कॉलेज रोड नाही.

गंगापूररोडची_ताई
सगळ्यांचे खूप आभार. बाबांना तुमची सगळी उत्तरं फोनवर वाचून दाखवली, ट्राम घोडे ओढायचे हे ऐकून ते जाम खूश झाले आणि टॅक्सीला हो म्हणाले. जेलरोडवाले दादा, गाडी गंगापूर रोडला आणायची तर के. के. वाघ कॉलेजपासून उड्डाणपुलावर चढायचं का खालून?

जेलरोडवाला
खालून. पंचवटीतून रामवाडीचा पूल ओलांडा, लगेच अशोकस्तंभ, तिथून गंगापूर रोड सुरूच होतो.