मदत हवी आहे: गावाच्या ग्रुपवर १४ बायकांची आधार कार्डं चुकून पडली

नमस्कार. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातला, खानापूर तालुक्यातला, जांबोटी भागातला. आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. ६४० माणसं आहेत, निम्मी गोव्यात नि पुण्यात कामाला. कोण वारलं, लाईट कधी येणार, पुलावर पाणी आलंय का, सगळं त्यावरच कळतं. त्यामुळे ‘ग्रुपच बंद करा’ हा सल्ला कृपया देऊ नका.

झालं ते असं. महिला संघाचं कर्ज नव्यानं करायचं होतं. बँकेनं १४ जणींची आधार कार्डं नि पासबुकाचं पहिलं पान मागितलं. संघाचा हिशेब एक बारावी झालेली मुलगी ठेवते, मला मामा म्हणते. तिनं पावसात घरोघरी फिरून मोबाईलवर फोटो काढले, एकच पीडीएफ केली आणि खानापूरच्या झेरॉक्सवाल्यांना प्रिंटसाठी पाठवायला घेतली. त्या सकाळी पुलावर पाणी चढल्याचे मेसेज चालू होते, म्हणून गावाचा ग्रुप यादीत सगळ्यात वर होता. बोट तिथंच पडलं.

तिला लगेच कळलं. पण घाबरून डिलीट करताना ‘सगळ्यांसाठी’च्या ऐवजी ‘माझ्यासाठी’ दाबलं गेलं. त्यानंतर पाचेक सेकंद ‘अनडू’ दिसतं, त्यात चूक सुधारता येते. तिला ते माहीत नव्हतं. तिच्या फोनवरून फाईल गेली, तिला वाटलं मिटलं. बाकी सगळ्यांकडे ती तशीच.

मी रोप लावणीला शेतात होतो. तिकडं रेंज नाही. साडेबाराला घरी येऊन चिखलाचे हात धुतोय तोवर फोन वाजायला लागला तो थांबेना. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी काढता येतो, तो मी त्या क्षणी काढला. पण मधे सव्वातीन तास गेले होते.

त्या सव्वातीन तासांत लोकांनी काय केलं ते सांगायला जीव होत नाही. चारपाच जणींची जन्मतारीख १ जानेवारी आहे (आधार काढताना तारीख सांगता आली नाही की तीच पडायची), त्यावरून चेष्टा झाली. ‘शिकलेल्या पोरी अशा’ म्हणून एकानं व्हॉइस मेसेज टाकला. आणि एकानं एका आजीच्या कार्डाचा फोटो भावकीच्या ग्रुपवर पुढं ढकलला. तो माझा चुलतभाऊच आहे. मुलगी दोन दिवस घराबाहेर आली नाही. तिची आई वही परत द्यायला निघालीय.

आता मला हे कळत नाहीये. पुढं गेलेल्या प्रती परत कशा आणायच्या? याच खात्यांवर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये येतात, त्यांना धोका आहे का? चेष्टा करणाऱ्यांना ग्रुपमधून काढू का? आणि पोलिसांत कोणी गेलं तर त्या मुलीवर काही येईल का? माझं काय व्हायचं ते होऊ दे, तिचं सांगा.

निवृत्त_कॅशियर:
आधी धीर धरा. नुसता आधार नंबर आणि खातं नंबर कळून पैसे निघत नाहीत. ओटीपी लागतो, नाहीतर अंगठा. खरा धोका फोनचा. ‘मावशी, तुमचा आधार अमुक, खातं तमुक, गृहलक्ष्मीचे पैसे अडकलेत, आलेला नंबर सांगा’ असा फोन येईल. नंबर बरोबर वाचून दाखवला की माणूस विश्वास ठेवतो. म्हणून आज संध्याकाळीच चौदाही जणींना तोंडी सांगा. मेसेज टाकून भागणार नाही.

दुसरं, बोटांचे नकली ठसे बनवून आधारवरून पैसे काढल्याचे गुन्हे देशात झालेत. आधारच्या ॲपमधून किंवा वेबसाईटवरून बायोमेट्रिक लॉक करा. पण एक लक्षात ठेवा: लॉक केलं की रेशन दुकानात अंगठा लागत नाही. तेवढ्यापुरतं उघडावं लागतं. ज्या आजीच्या घरात मोबाईल चालवणारं कोणी नाही तिचं लॉक करून मोकळे होऊ नका, महिन्याचा तांदूळ अडेल. उघडून कोण देणार ते आधी ठरवा.

आपला आधार कुठं वापरला गेला ते वेबसाईटवर मागच्या सहा महिन्यांचं दिसतं. १९४७ या आधारच्या मदत नंबरवर मराठीतही बोलतात, कन्नडमध्येही. पैसे गेलेच तर थांबू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन करा. आणि पुढच्या वेळी मास्क्ड आधार डाउनलोड करून तो द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बँक घेते का ते आधी विचारा.

घाटाखालचा:
मी म्हापशात असतो, गाव कणकुंबीकडं. ग्रुपमधनं मेसेज गेला तरी ज्यांनी फाईल दुसरीकडं सेव्ह केली किंवा पुढं पाठवली त्यांच्याकडं ती राहतेच. तुम्हाला ती लांबून पुसता येणार नाही, विनंतीच करावी लागेल. कुणाचं नाव न घेता लिहा. संघात कन्नड बोलणाऱ्या असतील तर कन्नडमध्येही लिहा.

मलप्रभा:
दादा, आधी त्या मुलीच्या घरी जा. फोन करू नका, जा. चौदा घरं फिरून कागद गोळा करायचं काम गावात दुसऱ्या कुणी केलं असतं का, हे तिच्या आईसमोर बोला. वही परत घेऊ नका.

चुकून पडलं ते एक, मुद्दाम पुढं ढकललं ते वेगळं. पहिलीला शिक्षा नको. दुसऱ्याला आधी एकट्याला फोन करा आणि काढायला लावा. नाही ऐकलं तर ग्रुपमधून काढा, भाऊ असला तरी. व्हॉइस मेसेजवाल्यालाही सांगा.

पोलिसांचं म्हणाल तर कुणाला लुबाडायचा हेतूच नव्हता, मुलीला भीती घालू नका. तुमच्याबद्दल: सभासदानं टाकलेल्या मजकुराला निव्वळ ॲडमिन म्हणून माणूस जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय, २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानंही. कर्नाटकात आपल्याला याचा कितपत आधार मिळेल ते बेळगावच्या वकिलांना विचारून घ्या.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात चौदाही जणींना बोलावलं. सहा जणींचा आधारचा नंबर स्वतःच्या फोनवर होता, त्यांचं लॉक झालं. पाच जणींचा नवऱ्याच्या नंबरवर, आणि नवरे गोव्यात. त्यात एक अडचण आली. सकाळीच मी ग्रुपवर लिहिलं होतं, ‘ओटीपी कुणालाही सांगू नका, घरच्यानं मागितला तरी आधी खात्री करा.’ मडगावच्या एकानं बायकोलाही ओटीपी द्यायला नकार दिला. म्हणाला, तोंड दाखव. व्हिडिओ कॉल लावला, तिच्यामागं आम्ही सगळे दिसलो, तेव्हा कुठं त्यानं आकडे सांगितले. मला त्याचं फार बरं वाटलं.

प्रत्येकीच्या नावापुढं रेशनच्या वेळी कोण उघडून देणार ते लिहिलंय. ते मुलीनंच लिहिलं. उशिरा आली, मागं बसली, पण वही घेऊन आली.

चुलतभावाला फोन केला. भावकीच्या ग्रुपमधला मेसेज त्यानं काढला, पण आजीच्या घरी जाऊन बोलायला तयार नाही. त्याला तूर्त काढलेलं नाही, रविवारपर्यंत वेळ दिलाय.

राहिल्या तिघी. त्यांच्या आधारला जोडलेले नंबर कधीचे बंद झालेत, नवा जोडायला त्यांना आधार केंद्रात न्यायचं ठरवलंय. त्यातल्या एकीला बसचा प्रवास झेपत नाही. खानापुरात सध्या कुठलं केंद्र चालू आहे आणि सकाळी किती वाजता नंबर लावावा लागतो, कुणी अलीकडं जाऊन आलं असेल तर सांगा. गाडी मी करून नेतो.