वसंताच्या अखेरीस वनस्पती उद्यान : अर्ध्या दिवसात काय पाहावे?

पर्णिका :
नमस्कार. येत्या पंधरवड्यात, वसंत सरता सरता, समशीतोष्ण प्रदेशातील एका मोठ्या वनस्पती उद्यानात आईला घेऊन जायचे ठरवले आहे. आईने उभी हयात वनस्पतिशास्त्र शिकवले, मात्र आता गुडघ्यांमुळे तिला फार चालवत नाही; त्यामुळे तीन-चार तासच हाताशी असतील. गेल्या खेपेस मी एकटी गेले होते, तेव्हा नकाशातला एकही विभाग सुटू नये म्हणून दिवसभर पायपीट केली आणि घरी परतल्यावर शेकडो छायाचित्रांपैकी निम्म्या फुलांची नावेही मला सांगता येईनात. या वेळी तसे होऊ नये. कोणत्या गोष्टींसाठी थांबावे आणि काय निश्चिंतपणे सोडून द्यावे?

रानवाटा :
सर्वांत आधी सगळे पाहण्याचा विचार सोडून द्या आणि एकमेकांच्या शेजारचे दोनच विभाग निवडा. या दिवसांत ऱ्होडोडेंड्रॉन, पिओनी आणि आयरिस बहुधा एकाच सुमारास फुललेले असतात, तेव्हा निवडीला वाव आहे. पण मला विचाराल तर एखादे हॉर्स चेस्टनटचे झाड गाठा, ज्याचा फुलोरा डोळ्यांच्या उंचीवर आला आहे असे, आणि जवळ बाक असेल तर आईंना तिथेच बसवा. या फुलाच्या पांढऱ्या पाकळ्यांवर बुडाशी एक ठिपका असतो. फूल ताजे असताना, मकरंद असेपर्यंत, तो पिवळा असतो. पुढे मकरंद आटतो आणि ठिपका गडद लाल होत जातो. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, म्हणून ती पिवळ्या ठिपक्यांच्याच फुलांकडे वळते. जुनी फुले मात्र गळत नाहीत, फुलोऱ्यातच राहतात, त्यामुळे दुरून तो भरगच्च दिसतो आणि मधमाश्यांना खेचून घेतो. एका फुलोऱ्यासमोर दहा मिनिटे उभे राहिले तर हा सारा व्यवहार स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो.

पिओनीच्या न उमललेल्या कळ्यांवर मुंग्या दिसल्या तर कीड लागली असे समजू नका. कळीच्या निदलांवर, म्हणजे तिला झाकणाऱ्या बाहेरच्या हिरव्या दलांवर, गोड रस स्रवतो, त्यासाठी त्या येतात. मुंग्यांशिवाय कळी उमलत नाही, ही समजूत मात्र खरी नाही.

भिंगवाले :
दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग जरूर न्या, आणि पाट्या वाचा. वनस्पती उद्यान आणि शोभेची बाग यांतला खरा फरक त्या पाटीत आहे, असे मी मानतो. इटलीतील पादुआचे उद्यान 1545 मध्ये सुरू झाले ते औषधी वनस्पती विद्यार्थ्यांना अचूक ओळखता याव्यात म्हणून. विरंगुळ्याचा भाग नंतरचा. पाटीवर आधी प्रजातीचे (जीनस) नाव, मग जातीचे (स्पीशीज), आणि त्यापुढे नाव देणाऱ्याचे संक्षिप्त रूप असते. तिथे नुसते ‘एल्’ हे रोमन अक्षर दिसले तर ते स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसचे. दोन शब्दांची ही नामपद्धती त्याने 1753 मध्ये वनस्पतींना सर्रास लागू केली. मध्ये गुणाकाराचे चिन्ह असेल तर ते झाड संकरित आहे. कोपऱ्यातला क्रमांक हा त्या रोपाचा नोंदणी क्रमांक असून अनेक उद्यानांत त्यातले पहिले आकडे ते रोप संग्रहात दाखल झाल्याचे वर्ष सांगतात. छायाचित्र काढायचेच तर आधी पाटीचे काढा, मग फुलाचे. तुमची मागची अडचण एवढ्यानेच सुटेल.

कोवळी पालवी :
वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, तरी एका झाडासाठी थोडी वाट वाकडी करावी, असे आग्रहाने सांगते. त्याचे नाव डेव्हिडिया, म्हणजे रुमालांचे झाड. फांदीवरून पांढरे रुमाल वाळत घातल्यासारखे जे लोंबते ते फूल नव्हे; ते दोन छद, म्हणजे फुलांलगतची बदललेली पाने, आहेत, एक मोठा आणि एक लहान, आणि खरा पुष्पबंध, म्हणजे बारीक फुलांचा गुच्छ, त्यांच्या आडोशाला चेंडूसारखा असतो. पाऊस आला तर हे छद छपरासारखे परागकणांना भिजू देत नाहीत. आर्मां दाव्हीद या फ्रेंच धर्मोपदेशकाने हे झाड 1869 मध्ये चीनमध्ये पाहिले. पुढे अर्नेस्ट विल्सन हा इंग्रज वनस्पतिसंग्राहक त्याचे बी आणण्यासाठी इतका लांबचा प्रवास करून ठाऊक असलेल्या एकमेव झाडापाशी पोहोचला, तर ते घर बांधण्यासाठी तोडलेले! त्याने शोध सोडला नाही आणि त्याच वर्षी, 1900 मध्ये, त्याला इतरत्र ही झाडे सापडली. मला हे झाड पाहताना दर वेळी तो तोडलेला बुंधा आठवतो.

वेळेबद्दल म्हणाल तर दार उघडताच आत जा. काचगृह पाहायचे असल्यास तेही सकाळीच उरका, कारण दुपारी आतली दमट उष्णता वयस्कर माणसाला सोसत नाही. मोठ्या पानांच्या व्हिक्टोरिया कमळासाठी मात्र थांबू नका. थंड प्रदेशांत ते बहुतेक ठिकाणी दर वर्षी बियांपासून वाढवतात आणि त्याला फुले उन्हाळ्यातच येतात.

पर्णिका :
सर्वांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो. डेव्हिडियाचा बहर ओसरला होता, पण झाडाखाली पडलेले छद आईने उचलून एकावर एक ठेवून मापले, आणि लहान-मोठ्याचा फरक मला दाखवला. हॉर्स चेस्टनटपाशी आम्ही जवळजवळ तासभर होतो. पिवळ्या आणि लाल यांच्या मधला नारिंगी ठिपकाही आईला भिंगातून सापडला, आणि त्या फुलावर मधमाशी येते की नाही हे पाहण्यासाठी तिने मला बाकावरून उठूच दिले नाही. आमच्या समोर तरी एकही आली नाही. पुढच्या वर्षी याच दिवसांत पुन्हा तिथेच बसायचे, असे तिने परतताना सांगितले आहे.