मदत हवी आहे : उपासनेत मंडळी गातच नाही, रविवारी पंचांसमोर काय मांडावे?

ऐरोलीचा_चिटणीस

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत गेल्या पावसाळ्यापासून गाण्यावरून दोन तट पडले आहेत. येत्या रविवारी उपासनेनंतर पंचांची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांची, बैठक आहे आणि संगीताविषयीचा ठराव मांडण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. तरुण संघाला कीबोर्ड, गिटार आणि ड्रम हवे आहेत, तर ज्येष्ठांना पेटी-तबला आणि ‘उपासना संगीत’ हे जुने गीतपुस्तक याखेरीज दुसरे काही नको आहे. लोक गात नाहीत, नुसते उभे राहून ऐकतात, एवढ्या एकाच गोष्टीवर दोन्ही तटांचे एकमत आहे. कोणती वाद्ये ठेवावीत हे कृपया सरळ सांगावे. प्रवचने भरपूर ऐकून झाली आहेत.

पेटीवाले_काका

सरळ उत्तर हवे असेल तर प्रश्नही सरळ विचारायला हवा. आपली मंडळी कोणत्या पंथाची आहे, उपासनेला किती माणसे येतात, जागा स्वतःची आहे की भाड्याची, सध्या गाणे कोण धरते आणि पेटी कोण वाजवते, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. तरीही विचारलेच आहे म्हणून सांगतो की पेटी ठेवा. ठाणे परिसरातील मराठी मंडळ्यांमध्ये मी अर्धे आयुष्य पेटी वाजवली आहे आणि पेटीवर न गाणारी मंडळी मला अजून भेटलेली नाही.

मासुंदाकाठ

आमच्याकडे ठाण्यात हा वाद केव्हाच होऊन गेला आहे. आमच्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयीचा जो दस्तऐवज संमत केला, त्यात संगीतावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यानुसार पाइप ऑर्गनला मानाचे स्थान आहे, परंतु पवित्र उपयोगास योग्य असतील आणि भाविकांच्या श्रद्धेस पोषक ठरतील अशी अन्य वाद्येही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतात. शिवाय जेथे लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तेथे तिला योग्य मान द्यावा असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपल्या धर्मगुरूंना हे प्रकरण वाचावयास सांगावे, म्हणजे वाद मिटेल.

ऐरोलीचा_चिटणीस

पंच म्हटल्यावर आम्ही प्रॉटेस्टंट आहोत हे ध्यानात यायला हवे होते. व्हॅटिकनचा ठराव आमच्या बैठकीत वाचून दाखवला तर काय होईल याची कल्पना करवत नाही. बाकीची माहिती अशी : माणसे शंभर-सव्वाशे, त्यांतील बहुतेकांचे आईवडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत नोकरीसाठी नगर, जालना आणि सोलापूर बाजूने आलेले. जागा एका शाळेचे सभागृह, रविवारी सकाळपुरते भाड्याने. आमच्यामागून तेथेच एका इंग्रजी मंडळीची उपासना असते. कीबोर्ड सध्या संघातला एक मुलगा वाजवतो. पेटी कपाटात आहे. आता तरी वाद्यांचे सांगा.

काळी_पाच

मी खारघरला गाणे शिकवते आणि दोन मंडळ्यांच्या गायकवृंदांना मदत करते. वाद्य कोणते हे नंतर पाहू. तो मुलगा गाणी कोणत्या पट्टीत वाजवतो?

ऐरोलीचा_चिटणीस

यूट्यूबवर ज्या पट्टीत असते त्याच पट्टीत. पट्टीचा येथे काय संबंध?

काळी_पाच

संबंध आहे, आणि माझ्या अनुभवात बहुतेक ठिकाणी दुखणे तेथेच असते. पट्टी म्हणजे गाण्याचा षड्ज, म्हणजे ‘सा’, किती उंच धरला ते; पेटीच्या पट्ट्यांच्या रंगावरून आणि क्रमावरून तिला काळी एक, पांढरी दोन असे म्हणतात. ध्वनिमुद्रणात गाणारा एकटा असतो, त्याचा गळा तयार असतो आणि गाणे चढलेले वाटावे म्हणून तो मुद्दाम वरच्या पट्टीत गातो. त्याच पट्टीत सकाळी नऊ वाजता, चहा पिऊन लोकल किंवा बस पकडून आलेल्या साठीच्या बाईने गावे अशी अपेक्षा धरली, तर ती पहिल्या कडव्यापर्यंत प्रयत्न करते आणि नंतर ओठ हलवत राहते. समूहगायनात स्त्रिया वरच्या आणि पुरुष खालच्या सप्तकात तोच सूर धरतात, म्हणून चालीतला सर्वांत उंच सूर स्त्रियांसाठी वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या पुढे जाऊ देऊ नये, असा माझा नियम आहे. ज्या चाली मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या ‘प’पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या ‘सा’पर्यंत) फिरतात, त्या काळी एकमध्ये बहुतेकांच्या गळ्याला पेलतात. ज्या मध्य षड्जाच्या खाली जात नाहीत आणि वर तार गंधाराला (वरच्या ‘ग’ला) शिवतात, त्यांच्यासाठी षड्ज काळी पाचपर्यंत खाली आणावा लागतो. कीबोर्डवर यासाठी ट्रान्सपोजचे, म्हणजे बोटे तीच ठेवून पट्टी बदलणारे, बटण असते. मुलाला फक्त ते दाबायला सांगा आणि पुढच्या उपासनेत काय फरक पडतो ते पाहा.

पेटीवाले_काका

त्या बटणानेच वादकांची एक पिढी बिघडवली. आम्ही कोणत्याही काळी-पांढरीतून गाणे उचलत असू, कारण बोटांना ती शिस्त होती. शिवाय पेटी हे आपल्या मातीतले वाद्य आहे. त्याच्या सुरात जी भक्ती आहे ती प्लास्टिकच्या पट्ट्यांत नाही.

कोपरखैरणे_गिटार

काका, क्षमस्व, परंतु पेटी युरोपातून आली. तिच्यातले ठरीव सूर आपल्या रागसंगीताला मानवत नाहीत या कारणासाठी आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेवले होते. जे वाद्य काल परके होते ते आज मातीतले ठरले, मग गिटारला तीच सवलत का नसावी? आणि आपण सारे ज्यांचे नाव घेऊन नव्याला विरोध करता, त्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर काय केले? परक्या चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या जोडीला अभंग, भजन आणि कीर्तन यांचा बाज आणला. त्यांच्या काळात ते नवेच होते. आमच्या वयाची मुले मराठी उपासना सोडून इंग्रजी फेलोशिपकडे का वळतात, याचे उत्तर पंच कधी शोधत नाहीत.

पेटीवाले_काका

टिळकांविषयी आपण लिहिले ते खरे आहे, पण अर्धेच. लोकांनी ते गीत उचलले ते नवे होते म्हणून नव्हे. अभंगाचा छंद त्यांच्या कानांत बालपणापासून मुरलेला होता. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, तरी टिळकांची पदे तिला कडव्यांसकट पाठ होती आणि जात्यावरही ती तीच गात असे. आपल्या तरुण संघातील किती जणांना पडद्याकडे न पाहता एक पूर्ण गीत म्हणता येते, ते आधी सांगा. पेटीच्या जन्मकुंडलीत मला रस नाही.

वाशीची_सून

येथे मला महिला मंडळाचा अनुभव लिहावासा वाटतो, कारण चर्चा फक्त रविवारच्या तासाभरापुरती चालली आहे. मंडळीचे गाणे रविवारी जितके लागते, तितकेच किंवा त्याहून अधिक ते घरांत लागते. प्रार्थनासभा, बारसे, नव्या घराचे समर्पण आणि मुख्यतः मयताचे घर. मध्यंतरी घणसोलीत आमच्यातील एका कुटुंबात मृत्यू झाला. दहा-बाय-बाराच्या खोलीत आणि बाहेर जिन्यावर माणसे दाटीने उभी होती. पाळक वाहतुकीत अडकले होते आणि गाणे सुरू करणे गरजेचे होते. रविवारी माईक धरणारी दोन मुले तेथे होती, त्यांनी एक गीत धरलेही, पण दुसऱ्या कडव्याला दोघेही फोन चाचपडू लागले. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एका मावशींनी जुने पद उचलले. त्या एक ओळ म्हणत आणि आम्ही तीच ओळ परत म्हणत असू. वाद्य नव्हते, पुस्तक नव्हते, तरी जिन्यावरचे लोकही गात होते, आणि ज्यांच्या घरी दुःख झाले होते त्या वहिनी तोपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्यासुद्धा तिसऱ्या ओळीपासून आमच्याबरोबर म्हणू लागल्या.

म्हणून दादा, माझी सूचना अशी आहे की पंचांनी वाद्यांची नव्हे, गीतांची यादी ठरवावी. महिन्याला एक गीत घ्यावे, त्या महिन्यातल्या प्रत्येक रविवारी आणि प्रत्येक घरच्या सभेत तेच गावे आणि शेवटच्या रविवारी पडदा बंद ठेवावा. नाताळच्या कॅरल फेरीत इमारतीखाली उभे राहूनही त्यांतलेच गावे, म्हणजे मुलांच्या तोंडी बसेल.

नियम_आधी

कॅरल फेरीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही, आणि निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. तसेच गीते पडद्यावर दाखवताना स्वामित्वहक्काचा विचार करावा. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. टिळकांचे निधन १९१९ मध्ये झाल्यामुळे त्यांची गीते मुक्त आहेत, नव्या गीतांचे तसे नाही.

ऐरोलीचा_चिटणीस

नाताळ दूर आहे आणि स्वामित्वहक्काविषयी कोणी विचारलेले नाही. ध्वनीचे म्हणाल तर शाळेने ड्रमला आधीच मनाई केली आहे. मागील इमारतीतील रहिवाशांनी तक्रार केली होती.

पेटीवाले_काका

म्हणजे ड्रमचा प्रश्न शाळेनेच निकालात काढला आहे आणि आपण तो पंचांसमोर मांडायला निघाला आहात!

कोपरखैरणे_गिटार

आमच्या संघाचे म्हणणे ड्रमवर अडलेले नाही. कहोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी) चालेल, तेही नसले तर तबला चालेल. आम्हाला वर्षातून काही गीते आमच्या पसंतीची हवी आहेत आणि ती गाताना मागच्या बाकांवरून कोणी मुद्दाम पुस्तक मिटून बसू नये, इतकीच अपेक्षा आहे.

मासुंदाकाठ

पंथ वेगळा असला तरी एक गोष्ट उपयोगी पडेल असे वाटते. ठाण्यातील सेंट जेम्स चर्चची प्रतिष्ठापना १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी केली. ‘होली, होली, होली’ या गीताचे कवी तेच. ते १८२६ मध्ये वारले आणि आज जगभर ते गीत ज्या चालीवर म्हणतात ती चाल १८६१ मधली, म्हणजे त्यांनी स्वतः ती कधी ऐकली नाही. तेव्हा शब्द जुने ठेवून चाल नवी बसवणे हा मार्ग दोन्ही तटांना मानवू शकेल.

काळी_पाच

मासुंदाकाठ यांची माहिती रंजक आहे, परंतु मी सरसकट तसे करणार नाही. ज्या पदाची चाल ज्येष्ठांना पाठ आहे ती बदलली की गाणारे जे थोडे उरले आहेत तेही गप्प होतील. ‘उपासना संगीत’मधील ज्या गीतांची चाल आता कोणालाच येत नाही, त्यांच्यासाठी संघाने नव्या चाली बांधाव्यात. वाशीच्या ताईंची यादीची सूचना मला पटते. तिच्यात एवढीच भर घालते की नवे गीत थेट उपासनेत आणू नये. लोक जमत असताना, उपासनेपूर्वीची दहा मिनिटे, एकाने ओळ म्हणावी आणि बाकीच्यांनी मागून म्हणावी. आणि गायकवृंदाचे माईक कमी करा. माणसाला शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला नाही तर तो स्वतःचाही काढत नाही.

ऐरोलीचा_चिटणीस

ठीक आहे. ठरावाचा मसुदा असा करतो : वर्षाची बारा गीते, त्यांतील आठ ‘उपासना संगीत’मधून आणि चार तरुण संघाच्या निवडीची, सर्व पाठ करावयाची, एका रविवारी पेटी-तबला आणि पुढच्या रविवारी कीबोर्ड-गिटार, गीत मात्र महिनाभर एकच, पट्टी दोन्हीकडे सारखी. शेवटच्या मुद्द्यावर पंच मला विचारतील की पट्टी कोणी ठरवायची. काळी पाच ताई, आपण शनिवारी ऐरोलीला येऊ शकाल का?

काळी_पाच

शनिवारी माझे दिवसभर वर्ग असतात. त्याऐवजी असे करा : घरच्या एखाद्या सभेत, वाद्य न घेता, मंडळीला त्यांच्या मनाने एक जुने पद म्हणू द्या आणि ते फोनवर मुद्रित करून मला पाठवा. लोक स्वतःहून जेथे सूर धरतात तीच त्यांची पट्टी असते. ती ऐकून मी काळी-पांढरी लिहून देते.

पेटीवाले_काका

आणि पेटी पावसाळ्यापासून कपाटात असेल तर रविवारी एकदम बाहेर काढू नका. दमट हवेने सूर चिकटलेले असणार. शुक्रवारीच उघडून भाता मोकळा करा आणि प्रत्येक पट्टी वाजवून पाहा. तबल्याचीही तीच गत असेल.