दस्त्याला पॉलिश पेपर लावू नका

आजोबांच्या .३१५ रायफलचा दस्ता घासून त्यावर व्हार्निश मारू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया नको! ईशापूरच्या (पश्चिम बंगाल) सरकारी कारखान्यातली ही रायफल ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलच्या घडणीवरच बेतलेली. लाकडावरचे कारखान्याचे शिक्के हाच तिचा इतिहास, आणि पॉलिश पेपरच्या चार हातांत ते कायमचे जातात.

माझ्या वडिलांची अशीच रायफल मी गेल्या उन्हाळ्यात हातात घेतली. आधी रिकामी असल्याची खात्री, दोनदा. मग टर्पेंटाइनच्या फडक्यानं जुना मळ काढला. पोचे आलेल्या जागी ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली. वाफेनं दबलेले तंतू फुगतात. त्यानंतर जवसाचं तेल, अगदी थेंबभर, तळहाताची ऊब येईपर्यंत चोळायचं, उरलेलं पुसून घ्यायचं, पुढचा हात वाळल्यावरच. मला तीन आठवडे लागले. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

गंजावर तेल आणि सगळ्यात बारीक स्टील वूल, हलक्या हातानं. नळी, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा), घोडा यांना हात लावू नका. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो, ते काम परवानाधारक कारागिराचंच.

चामडी पट्टा तुटला असेल तर कोल्हापुरातल्या चप्पल लाईनला, चपलांच्या बाजारात, न्या. कोल्हापुरी शिवणाऱ्या हातांनी माझा पट्टा इतका सुरेख शिवला, की मूळ टाका कुठला ते ओळखू येत नाही. आणि पावसाळ्यात रायफल कापडी खोळीत ठेवू नका, आपल्याकडची ओल खोळीतच मुरते.