मदत हवी आहे: दोरो नदीवर खाजगी बोट, वाइन आणि आईसाठी शाकाहारी खाणं

नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेरीस आईबाबांना घेऊन पोर्तुगालला जातोय. दोरो नदीवर फक्त आमच्यापुरती छोटी बोट घ्यावी आणि सोबत तिथलीच वाइन नि खाणं असावं, अशी फार इच्छा आहे. बाबांनी आयुष्यभर नाशिकजवळ द्राक्षबाग सांभाळली. डोंगर कापून केलेल्या टप्प्यांवरचे मळे आणि तिथली तोडणी त्यांना बघायचीच आहे. पोर्ट या तिथल्या गोडसर, कडक वाइनसाठी दोरो खोऱ्याची हद्द १७५६ सालीच आखली गेली, हे कळल्यापासून ते रोज नवा प्रश्न विचारतात!

पोर्तो शहरातून रेल्वेने नदीकाठच्या पिन्याओ गावी, तिथून बोटीने तुआ गावापर्यंत जाऊन परत, असा बेत आहे. बोटीचे दोन तास पुरेत. पण तोडणीच्या दिवसांत मळेवाले पाहुण्यांना वेळ देतात का? पिन्याओत मुक्काम करावा की एका दिवसात पोर्तोला परतावं?

खरी काळजी आईची. ती अंडंही खात नाही. चीज, ऑलिव्ह, बदाम, पाव चालेल, पण काल्दो व्हेर्देसारख्या पालेभाजीच्या सूपमध्येही सॉसेजची चकती असते म्हणे. बोटवाले वेगळं ताट देतात का, आणि ते आधी किती दिवस कळवावं? शिवाय तिचे गुडघे दुखतात. धक्क्यावरून बोटीत उतरताना पायऱ्या किती, कठडा असतो का?

कुणी वयस्कर मंडळींना घेऊन गेलं असेल तर कृपया खर्चासकट सविस्तर लिहा. बुकिंग याच आठवड्यात करायचंय.