आठवीच्या कार्यानुभवात काय घेऊ?

प्रश्न: यंदा आठवीचा कार्यानुभव माझ्याकडे आलाय. तास ४० मिनिटांचा, गॅस नाही, शिलाई मशीन नाही. पण पोरांच्या हाताला काहीतरी खरंच यावं असं मनापासून वाटतं. सुचवा ना.

– धावदोरा आणि बटण लावणं, मुलग्यांनाही! माझ्या वर्गातली पोरं आता स्वतःच्या शर्टाची बटणं स्वतः लावतात, फार छान वाटतं बघून.

– ताई बांधणी घ्या, सुती कापडात हरभरे दोऱ्याने घट्ट बांधायचे आणि घरून थर्मासमधून आणलेल्या हळदीच्या गरम पाण्यात बुडवायचं, नंतर साबण लागला की पिवळं लाल होतं, तिथेच विज्ञानातला दर्शक (आम्ल की आम्लारी हे रंग बदलून दाखवणारा पदार्थ) पण समजतो. वाळवा मात्र सावलीत, हळद उन्हात उडते.

– स्वयंपाकात भेळ. आधी बोटं आत वळवून कांदा चिरायला शिकवा.