'ग्लेशिअल' ॲसेटिक ॲसिड म्हणजे नक्की काय? (बाटली हातात गोठली!)

बाथरूम_डार्करूम, कोथरूड

नमस्कार मंडळी. बाबा हौशी छायाचित्रकार होते. ते गेल्यावर एन्लार्जर, ट्रे, लाल दिवा असं सगळं माझ्याकडे आलं आणि या हिवाळ्यात मी आमच्या बाथरूमचीच डार्करूम केली. (घरचे उठायच्या आत उरकावं लागतं.) बाबांच्या वहीत स्टॉप बाथचं (फोटो उमटवणाऱ्या डेव्हलपर द्रावणाचं काम थांबवणारं आम्लाचं पाणी) माप आहे : 'ग्लेशिअल 15 मिली, नाहीतर 28 टक्केवालं 50 मिली, पाणी 1 लिटर.' खाली दोन रेघा मारून : 'घोळ करू नये!' म्हणजे बाबांनी एकदा केला असणार.

रविवार पेठेतून अर्ध्या लिटरची बाटली आणली, गॅलरीतल्या कपाटात ठेवली. परवा पहाटे काढली तेव्हा आत स्वच्छ पाण्यासारखं होतं. जरा हिंदकळली मात्र, आणि डोळ्यांदेखत आत पांढऱ्या सुया फुटत गेल्या. मिनिटभरात गच्च दगड! बाटली हातातून सुटायचीच बाकी होती.

हे खराब झालं का? आणि ग्लेशिअल म्हणजे हिमनदीचं ना? भाचा म्हणतो, तो ब्रँड आहे.

पेठेतला_एक

दुकानदाराने पाणी घातलंय. पाणी गोठलं. बिल असेल तर परत करा.

लॅब_असिस्टंट_निवृत्त

अहो, उलट आहे! पाणी घातलं असतं तर पुण्याच्या थंडीत ते इतक्या सहज गोठलं नसतं.

मी 31 वर्षं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काढली. जानेवारीत सकाळचं प्रॅक्टिकल असलं की आमचं पहिलं काम ही बाटली कोमट पाण्यात बसवणं. शुद्ध ॲसेटिक ॲसिड साधारण 16.6 अंशांना गोठतं, आणि पुण्यात पहाटे पारा 10च्या आसपास उतरतो. गोठलं की बर्फासारखं दिसतं, म्हणून ग्लेशिअल. लॅटिनमध्ये बर्फाला 'ग्लेशिएस' म्हणतात. हिमनदीचा शब्दही त्यातूनच आला, एवढंच नातं. जर्मन लोक तर सरळ 'आयसएसिग' म्हणतात, बर्फाचा शिरका.

ब्रँड नाही. ग्लेशिअल म्हणजे जवळपास बिनपाण्याचं, 99 टक्क्यांच्या वरचं. टक्का-दोन टक्के पाणी शिरलं तरी गोठणबिंदू काही अंशांनी खाली येतो. तेव्हा तुमची बाटली गोठली हीच तिच्या शुद्धतेची पावती. टोबियास लोवित्झने 1789 मध्ये हे ॲसिड असंच गोठवून शुद्ध केलं होतं : स्फटिक ठेवायचे, उरलेला पातळ भाग ओतून द्यायचा.

हिंदकळल्यावर गोठलं त्यात भुताटकी नाही. ते गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहिलं होतं, धक्का लागला आणि स्फटिक धरले.

अर्धवट वितळलेलं मात्र मोजून घेऊ नका. आधी सुटतं त्यात पाण्याचा अंश जास्त असतो, माप चुकेल. झाकण किंचित सैल करून बादलीतल्या कोमट पाण्यात ठेवा, पूर्ण वितळलं की घट्ट लावून हलवा. गॅसवर नको, याची वाफ पेट घेते. उकळतं पाणीही नको, काच तडकेल.

दहावीची_बाई

आमच्याकडे मुलं याला इथॅनॉइक आम्ल म्हणून शिकतात, आणि ते 'सौम्य' आम्ल आहे हे घोकतात. मग कुणीतरी विचारतंच, 'बाई, सौम्य आहे तर बाटलीवर धोक्याचं चित्र कशाला?' तीव्र-सौम्य म्हणजे पाण्यात आम्लाचे किती रेणू आयन देतात ते. संहत-विरल म्हणजे पाणी किती ते. ग्लेशिअल हे सौम्यही आहे आणि अगदी संहतही, कातडी भाजतं. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये तेच ॲसिड 4-5 टक्के असतं. मराठीत 'हिमाम्ल' म्हणावं का, असा मला मोह होतो.

पेठेतला_एक

हिमाम्ल मागितलंत तर दुकानदार कुल्फी देईल. बाकी मी माझे शब्द मागे घेतो.

लॅब_असिस्टंट_निवृत्त

वहीतलं माप बरोबर आहे हो. 50 मिलीचे 28 टक्के म्हणजे 14, ग्लेशिअलचे 15 जवळपास तेवढेच. घोळ म्हणजे ग्लेशिअलच 50 मिली ओतणं. डेव्हलपर अल्कधर्मी असतो, त्याला थांबवायला एवढंसं आम्ल पुरतं. आधी पाणी, मग त्यात ॲसिड. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

बाथरूम_डार्करूम, कोथरूड

बाटली बादलीत बसवली, वीसेक मिनिटांत सुटली. बाबांचा ट्रेमधला थर्मामीटर गॅलरीत टांगून पाहिला तर सहा वाजता 13. आता कपाट स्वयंपाकघराकडच्या भिंतीला हलवलंय. आणि दोन रेघांचं कोडंही सुटलं : वहीच्या त्याच पानावर एक प्रिंट चिकटवलेला आहे, माझाच, शाळेच्या गणवेशातला, आणि खाली बाबांच्या अक्षरात 'वास जात नाही.'